अनाथ आणि त्याची आई

ग्लॅडिस एलवर्ड ही बाई लंडनमध्ये लोकांच्या घरी कामाला होती. शिक्षण बेताचं, उंची त्याहून बेताची, आणि डोक्यात एकच खूळ, चीनला जायचं. चायना इनलँड मिशनने तिला ट्रेनिंगला घेतलं आणि मग सांगून टाकलं की बाई, तुला काही चिनी भाषा जमायची नाही. तिने पुन्हा घरकाम धरलं, पगारातून पैसे साठवले, जहाजाचं भाडं झेपेना म्हणून सायबेरियातून जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट काढलं आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एकटी निघाली. वाटेत सीमेवरच्या लढाईमुळे गाडी पुढे जाईना तेव्हा बर्फातून रुळांवरून चालत मागे आली, मग व्लादिवोस्तोक, जपान असा वळसा घालून एकदाची चीनमध्ये उतरली. शान्सी प्रांतात यांगचेंग म्हणून डोंगरातलं गाव आहे, तिथे एका म्हाताऱ्या स्कॉटिश मिशनरी बाईबरोबर तिने खेचरवाल्यांसाठी मुक्कामाची जागा चालवली. जेवण, झोपायला जागा आणि जेवणानंतर बायबलमधल्या गोष्टी, असा सगळा मामला. जी भाषा जमायची नाही म्हणत होते ती तिथल्या बोलीसकट शिकली आणि 1936 मध्ये चीनची नागरिकच झाली.

तिच्याकडे पहिलं मूल आलं ते असं, की रस्त्यात एक बाई एका आजारी पोरीला विकायला बसली होती आणि हिने खिशात होते नव्हते तेवढे पैसे देऊन ती पोर घेतली. इंग्लंडच्या हिशेबात नऊ पेन्स. त्या मुलीचं नावच पडलं नाइनपेन्स. मग एकाची दोन, दोनाची चार करत घर भरलं, जपानी सैन्य आलं, आणि 1940 मध्ये जवळपास शंभर मुलांना घेऊन ही बाई डोंगर ओलांडत, पीत नदी पार करत शीआनच्या बाजूला गेली. मुलं सुखरूप पोचली आणि ही टायफसच्या तापाने आडवी झाली. पुढे तिच्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला, तो तिला अजिबात आवडला नाही, आणि ती गेली 1970 मध्ये, तैवानमध्ये, तिथेही अनाथ मुलांचं घर चालवतच.

मला ही बाई फार आवडते. परदेशी जाऊन मुलांचं करणाऱ्या ख्रिस्ती लोकांबद्दल मी जे काही वाचत आलेय त्यात हिच्यासारखी माणसं भेटतात म्हणूनच वाचत राहावंसं वाटतं. अर्ज नाकारलेली, पैसे नसलेली, हट्टी माणसं. पण तिच्या गोष्टीने, आणि तशा दुसऱ्या गोष्टींनी, एक चित्र लोकांच्या मनात पक्कं बसवलंय असंही मला वाटतं. पुढे परकी बाई आणि मागे मुलांची रांग. त्या चित्रात कुणाचीच आई नाही. शान्सीत ते खरंही होतं, युद्ध चालू होतं, आया मेल्या होत्या नाहीतर हरवल्या होत्या. युद्ध संपलं, देश बदलले, दशकं गेली, पण चित्र तेच राहिलं.

आता बायबलमधलं एक वचन. नव्या करारात याकोबाचं पत्र आहे, त्याच्या पहिल्या अध्यायाच्या 27 व्या वचनात खरी भक्ती कशाला म्हणायचं ते सांगितलंय, की अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांची विचारपूस करायची आणि स्वतःला जगाचा डाग लागू द्यायचा नाही. या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हे पाठ असतं. वचनात अनाथ आणि विधवा एका दमात येतात, जोडीने येतात, कारण ज्या काळात हे लिहिलं त्या काळात बाप मेला की मूल अनाथ आणि बाई विधवा एकाच दिवशी व्हायची, एकाच घरात. आणि तरी या दोघांपैकी जगभर इमारती कुणासाठी उभ्या राहिल्या बघा. अनाथासाठी. विधवा कुंपणाच्या बाहेर राहिली, कधी कधी अक्षरशः, म्हणजे मुलाला आत सोडून गेटवरून परत गेलेली.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, आकडेच तसे आहेत. युनिसेफ आई किंवा बाप यांपैकी एक जरी गेलेला असला तरी त्या मुलाला अनाथ मोजतं. त्या हिशेबाने 2015 मध्ये जगात जवळपास 14 कोटी अनाथ मुलं होती. त्यातली दोन्ही पालक गमावलेली किती, तर 1 कोटी 51 लाख. बाकीच्यांना आई तरी आहे नाहीतर बाप तरी. आणि ज्या दीड कोटीला दोघंही नाहीत त्यांनाही बऱ्याचदा आजी असते, मावशी असते, मोठा भाऊ असतो. आफ्रिकेत एड्सने एक अख्खी पिढी कापून नेली तेव्हा मागे राहिलेली बहुसंख्य मुलं सांभाळली ती नातेवाइकांनी, त्यातही आज्यांनी. तेव्हा तिथे जाऊन पहिली वीट रचण्याआधी या आज्यांना काय हवंय ते विचारायला पाहिजे होतं.

गंमत म्हणजे जुन्या लोकांना हा फरक चांगला कळत होता. जॉर्ज म्युलर हा मूळचा प्रशियाचा, म्हणजे आजच्या जर्मनीतला, तरुणपणी चोऱ्यामाऱ्या केलेला, नंतर इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला स्थायिक झालेला धर्मोपदेशक. 1836 मध्ये त्याने भाड्याच्या घरात मुलींसाठी अनाथालय काढलं, पुढे ॲशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती झाल्या, एका वेळी दोन हजार मुलं राहायची. हयातभरात दहा हजारांच्या वर मुलं त्याच्या हाताखालून गेली. त्याची ख्याती अशी की तो कुणाकडे पैसे मागायचा नाही, फक्त प्रार्थना करायचा आणि पैसे यायचे (आणि हिशेब मात्र दरवर्षी पैन् पै छापायचा, हे सांगायला लोक विसरतात). पण प्रवेशाचा नियम कडक. आई आणि बाप दोघंही मेलेले पाहिजेत, त्याचे पुरावे पाहिजेत, आणि आईबापाचं लग्न झालेलं पाहिजे. शेवटची अट आज वाचताना राग येतो, लग्नाशिवाय झालेल्या मुलाने काय पाप केलं होतं? पण पहिल्या अटीत शहाणपण होतं. आई जिवंत असेल तर मूल तिच्यापासून तोडायचं नाही, निदान माझ्या दारातून तरी नाही.

ही अट पुढे कुठे गेली?

कोरियाची गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते, कारण तिच्यात वाईट माणूस शोधावा लागतो आणि सुरुवातीला तो सापडतच नाही. 1950 ते 53 चं युद्ध संपलं तेव्हा रस्त्यावर मुलंच मुलं, त्यात अमेरिकन सैनिकांपासून झालेली मिश्र वंशाची मुलं, ज्यांना तिथल्या समाजात कुणी उभं करत नव्हतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये हॅरी आणि बर्था होल्ट हे शेतकरी नवराबायको, घरात सहा स्वतःची मुलं, त्यांनी वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या बॉब पिअर्सने आणलेली फिल्म बघितली आणि ठरवलं की आठ मुलं दत्तक घ्यायची. कायद्यात बसेना, तर 1955 मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला. हॅरी स्वतः कोरियात गेला, मुलांच्या झोळ्या बांधून विमानातून मुलं आणली, पुढे तिथेच काम करत 1964 मध्ये गेला. या माणसाच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्याने उघडलेल्या दारातून पुढे काय गेलं ते बघा. युद्धातली मुलं संपली, देश श्रीमंत व्हायला लागला, आणि परदेशी जाणाऱ्या मुलांची संख्या वाढतच गेली, 1980 च्या दशकाच्या मध्याला वर्षाला आठ हजारांच्या वर. ही मुलं कुणाची? बहुतेक लग्न न झालेल्या आयांची. आया जिवंत होत्या, कागदावर मुलं अनाथ होती. मार्च 2025 मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने सांगितलं की कागदपत्रं बनावट झाली, मुलांना अनाथ दाखवलं गेलं, ओळखी बदलल्या गेल्या आणि यात सरकारची जबाबदारी होती. आज पन्नाशी साठीची माणसं डेन्मार्कहून, मिनेसोटाहून सोलला येऊन आपली आई शोधतायत, आणि फाइलमधलं नाव भलत्याच मुलाचं निघतं.

मला वाटतं, एखादी गोष्ट चांगल्या मनाने सुरू झाली की तिला नंतर कुणी प्रश्नच विचारत नाही, हा खरा धोका.

रोमानियाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण तिथे मुलांच्या मनाचं काय होतं हे मोजून बघितलं गेलं. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये 770 नंबरचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली, गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली, देशाची लोकसंख्या वाढवायची होती त्याला. मुलं झाली, खायला नव्हतं, मग सरकारच म्हणायचं आमच्याकडे आणून ठेवा. 1989 च्या डिसेंबरमध्ये तो गेला आणि टीव्हीवर ती दृश्यं आली, लोखंडी पलंगांना जाळ्या, एका पलंगावर दोन तीन मुलं, पुढेमागे झुलत बसलेली. लाखाच्या वर मुलं होती अशा संस्थांमध्ये, आणि बहुतेकांना आईबाप होते. ब्रिटन, अमेरिका, जर्मनीतून चर्चच्या लोकांनी भरलेल्या व्हॅन निघाल्या. औषधं, दूध, डायपर घेऊन लोक गेले, फरशा घासल्या, खिडक्या बसवल्या, मुलांना आयुष्यात पहिल्यांदा मांडीवर घेतलं. त्या वेळी ते कुणीतरी करायलाच हवं होतं आणि ते या लोकांनी केलं, यावर मी वाद घालणार नाही. काही जण तर परतलेच नाहीत. बुखारेस्टच्या गारा दे नॉर्ड स्टेशनखाली गरम पाण्याच्या पाइपांचे बोगदे होते, संस्थांमधून पळालेली मुलं हिवाळ्यात तिथे राहायची, पिशवीत रंगाचं रसायन ओतून हुंगायची. त्या बोगद्यांत ब्रेड आणि मलमपट्टी घेऊन उतरणारे व्हॉलंटियर होते. रस्त्यावरचं पोर पहिल्या दिवशी तुमच्याबरोबर येत नाही. ते तुमचा ब्रेड घेतं, शिव्या देतं, तुमचं पाकीट मारतं, आणि महिनोन्महिने बघत राहतं की हा माणूस पुढच्या आठवड्यातही येतो का.

संस्थेतलं मूल याच्या अगदी उलट वागतं, आणि इथेच लोक फसतात. तुम्ही दारातून आत गेलात की अनोळखी मुलं धावत येऊन पायाला मिठी मारतात, हात धरतात, उचलून घे म्हणतात. व्हॉलंटियर विरघळतो. घरी जाऊन सांगतो, काय प्रेमळ मुलं हो! पण तीन चार वर्षांचं नीट वाढलेलं मूल परक्या माणसाला बघून आधी आईच्या मागे लपतं. जे मूल कुणालाही मिठी मारतं त्याला आपलं असं कुणी नसतं. मानसशास्त्रात हे लक्षण म्हणून नोंदलेलं आहे, आपण त्याला स्वागत समजतो. आणि मग दोन आठवड्यांनी ती प्रेमळ ताई परत जाते, नवी ताई येते, पुन्हा मिठी, पुन्हा टाटा. ताईसाठी हा निरोपाचा एकच दिवस असतो. मुलासाठी तो दर पंधरा दिवसांनी येतो.

2000 च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघा संशोधकांनी बुखारेस्टमध्ये संस्थांतली 136 लहान मुलं घेतली, अर्ध्यांसाठी पालक कुटुंबं, म्हणजे मुलाला आपल्या घरी ठेवून सांभाळणारी दुसरी कुटुंबं, शोधली, अर्धी होती तिथे राहिली, आणि वर्षानुवर्षं दोन्ही गटांचा माग ठेवला. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, मनाने पुढे गेली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली ती जास्त पुढे गेली. ज्या मुलांना तिथेच ठेवलं त्यांचं काय, हा प्रश्न त्या प्रयोगाला आजही विचारतात, आणि विचारायलाच हवा, जरी त्या वेळी देशात पालक कुटुंबाची सोय जवळजवळ नव्हतीच. पण त्यातून एक निघालं, की चांगला रंग दिलेली भिंत, नवे पलंग आणि येऊनजाऊन असणारी प्रेमळ माणसं मिळूनसुद्धा एका कायमच्या माणसाची जागा भरत नाही. पुढे रोमानियाने कायदाच केला की दोन वर्षांखालचं मूल मोठ्या संस्थेत ठेवायचं नाही.

हैतीचं सगळ्यांना आठवत असेल. 12 जानेवारी 2010 ला भूकंप झाला, आणि 29 तारखेला दहा अमेरिकन बॅप्टिस्ट, बरेचसे आयडाहोचे, 33 मुलं बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पकडले गेले. कागद नाहीत, परवानगी नाही. मुलांना तात्पुरतं एका बालग्राम संस्थेत ठेवलं तेव्हा एक लहान मुलगी रडत सांगत होती की मी अनाथ नाही, मला आईबाबा आहेत. आणि खरंच होते, त्या मुलांपैकी बहुतेकांना होते. आयांनी स्वतः मुलं दिली होती, कारण त्यांना सांगितलं गेलं होतं की तिकडे शाळा आहे, खेळायला मैदान आहे, पोहण्याचा तलावसुद्धा आहे. घर पडलंय, खायला नाही, आणि कुणीतरी देवाचं नाव घेऊन सांगतंय की तुझं पोर शाळेत जाईल. कुठली आई नाही म्हणेल? त्यातल्या नऊ जणांना सोडून दिलं, प्रमुख बाईला पुढे बेकायदा प्रवास घडवल्याबद्दल शिक्षा झाली आणि तुरुंगात काढलेले दिवस हीच शिक्षा धरून तीही घरी गेली. मी त्या लोकांना पोरं पळवणारे म्हणणार नाही. पण मला हे कळत नाही की मूल न्यायला आलेल्या दहा जणांपैकी एकालाही असं का नाही सुचलं, की ताई, तुझं पोर तुझ्यापाशी ठेवायला तुला किती लागतील?

कंबोडियाबद्दल थोडक्यातच, कारण तिथे प्रेम कमी आणि धंदा जास्त. 2005 ते 2010 मध्ये अनाथालयं 75 टक्क्यांनी वाढली, अनाथ वाढले नव्हते, टुरिस्ट वाढले होते. आतल्या दर चार मुलांत साधारण तिघांना आई किंवा बाप होता. मुलं पाहुण्यांसमोर नाचायची, पाहुणे पैसे द्यायचे. ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीचा कायदा झाला तेव्हा अनाथालयांसाठी मुलं पुरवणं हाही त्या चर्चेतला विषय होता.

आता धर्मांतराचं. मिशनरी म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि टाळला तर लेख खोटा वाटेल. माझं मत साधं आहे. ग्लॅडिस खेचरवाल्यांना गोष्टी सांगायची ते मला खटकत नाही, ते मोठे बाप्ये होते, कंटाळा आला तर झोपून जात असतील. पण ज्या मुलाचं ताट तुमच्या हातात आहे त्याला तुमच्या प्रार्थनेला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिथे जास्त जपून वागायला हवं. त्यापलीकडे, मुलाला आईपासून तोडणं हा माझ्या लेखी त्याहून मोठा गुन्हा आहे, मग तोडणारा कुठल्याही धर्माचा असो की कुठल्याच नसो.

आणि ज्यांनी तोडलं नाही तेही याच लोकांत आहेत. विल्यम वॉसन हा ॲरिझोनाचा माणूस, तब्येतीमुळे अमेरिकेत पाद्री होता आलं नाही म्हणून मेक्सिकोत झाला. 1954 मध्ये कुएर्नावाकाच्या त्याच्या चर्चमधली गरिबांसाठीची दानपेटी एका पोराने फोडली. पोलिसांनी पकडलं. वॉसन म्हणाला मला तक्रार करायची नाही, पोरगा माझ्याकडे द्या. न्यायाधीशाने दिला, आणि आठवड्याभरात आणखी आठ पाठवले! त्यातून संस्था झाली, हैतीपर्यंत गेली. वॉसनचा नियम होता की भावंडांची ताटातूट करायची नाही आणि मुलं दत्तक द्यायची नाहीत. आणि परदेशातून येणाऱ्या व्हॉलंटियरला तिथे सुट्टीतले पंधरा दिवस चालत नाहीत, बराच काळ राहावं लागतं. मोठ्या संस्थेतलं वाढणं ते शेवटी मोठ्या संस्थेतलंच, हे आहे, पण भावाला बहीण तरी राहिली.

पेद्रो ओपेका तर आणखी वेगळा. अर्जेंटिनात जन्मलेला, आईबाप स्लोव्हेनियातून आलेले, बाप गवंडी. हा पाद्री होऊन मादागास्करला गेला आणि 1989 मध्ये तिथली राजधानी अंतानानारिव्होच्या कचरा डेपोवर त्याने मुलं बघितली, कचऱ्यात अन्न शोधणारी. इतर कुणी असतं तर तिथून मुलं उचलली असती, इमारत बांधली असती, दारावर पाटी लावली असती. याने आईबापांना गाठलं. दगडाच्या खाणीत काम सुरू केलं, त्यांच्याच हाताने विटांची घरं बांधून घेतली, बापाकडून आलेली गवंडीकामाची विद्या कामी आली, आणि मग शाळा काढल्या ज्यात मुलं रोज स्वतःच्या घरून जातात. अकामासोआ नाव आहे त्या वस्त्यांचं, हजारो घरं आहेत आता, 2019 मध्ये पोप फ्रान्सिस जाऊन आले. खाणीत दगड फोडायचं काम जीवघेणं आहे, पगार फार नसतो, हे ओपेकाच्या बाजूने असलेल्यांनीही मान्य करायला हवं. पण संध्याकाळी मूल घरी येतं.

गेल्या काही वर्षांत चर्चच्या आतूनच लोक हे बोलायला लागलेत. रवांडाने 2012 पासून मोठी अनाथालयं बंद करत मुलांना घरी किंवा पालक कुटुंबांत न्यायचं ठरवलं, डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही अनाथालयांतल्या व्हॉलंटियरगिरीच्या धोक्याचा उल्लेख आला. अनेक मिशन संस्था आता मुलं परत पाठवण्याच्या मागे आहेत आणि ते काम किती रटाळ आहे हे वाचून थक्क व्हायला होतं. एक सोशल वर्कर मोटारसायकलवरून चार तास जातो, मामा सापडतो, मामा म्हणतो विचार करून सांगतो. पुन्हा जातो. आईचं दुसरं लग्न झालेलं असतं, सावत्र बापाशी बोलावं लागतं. मूल आधी दोन दिवस राहून येतं, मग आठवडाभर. घरी गेल्यावर शाळेची फी कोण भरणार, छप्पर गळतंय ते कोण बघणार, मुलाला तिथे मार पडत नाही ना, हे बघायला वर्ष दोन वर्षं जात राहावं लागतं. हे काम करणारा माणूस त्याच देशातला असावा लागतो, कारण मामाशी भांडायला मामाची भाषा यावी लागते.

आणि इथे अडतं ते पैशावर. मुलांनी भरलेलं अनाथालय असतं तेव्हा दर महिन्याला परदेशातल्या चर्चमधून पैसे येतात, प्रत्येक मुलाच्या नावाने स्पॉन्सर असतो, फ्रिजवर त्याचा फोटो लावलेला असतो. मूल घरी गेलं की स्पॉन्सर विचारतो, मग आता माझे पैसे कशाला? संस्थाचालक समजावतात की आता तेच पैसे मुलाच्या आईच्या शिलाई मशीनला, सोशल वर्करच्या पेट्रोलला लागतील. काही जण चालू ठेवतात. बाकीचे विनम्रपणे कळवतात की आम्ही दुसऱ्या देशातल्या एका अनाथालयाला मदत करायचं ठरवलंय.